दिमोनाची मावशी

मावशी सकाळी साडेपाचला फरशी धुते. पुसत नाही, धुते. खुर्च्या उलट्या करून टेबलावर, पायपुसणी गॅलरीच्या कठड्यावर, मग बादलीभर पाणी सरळ जमिनीवर ओतायचं आणि लांब दांड्याच्या रबरी पट्टीने ते ढकलत ढकलत गॅलरीच्या कोपऱ्यातल्या भोकापर्यंत न्यायचं. ह्या प्रकाराला तिकडे, इस्राएलमध्ये, ‘स्पोंजा’ म्हणतात. शब्द ऐकला की मला स्पंजाचा रसगुल्लाच आठवतो, पण त्यात गोड काही नाही. एकोणऐंशी वर्षांची बाई कंबरेत वाकून पाणी ढकलते आहे आणि मी, ठाण्याहून आलेली भाची, पाय वर घेऊन सोफ्यावर बसले आहे, असं ते दृश्य.

“अगं, काल संध्याकाळी तर केलंस!”

तिने पट्टी भिंतीला टेकवली, खिडकीच्या खाचेतून बोट फिरवलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. बोटावर पिवळट पिठाचा थर.

“वाळू नाय ही. वाळू बरी गो, झाडली की जाते. ही माती आहे. चाळणीतून पडल्यासारखी. खिडकी लाव, दार लाव, फटीत चिंध्या कोंब, ही येते ती येतेच. ताटात येते, दातांत येते. पंचावन्न वर्षं मी हिला बाहेर काढतेय आणि ती आत येतेय.”

तिचं म्हणणं शब्दशः खरं आहे. नेगेवच्या, म्हणजे दक्षिण इस्राएलमधल्या वाळवंटाच्या, उत्तर भागात वाऱ्याने हजारो वर्षं आणून टाकलेली ही बारीक माती आहे. भूगोलात तिला लोएस म्हणतात. पाऊस पडला की वर पापुद्रा धरते, वाळली की उडते. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात तसल्या वाळूच्या टेकड्या मला तिथे राहिले त्या तीन आठवड्यांत फारशा दिसल्याच नाहीत. दिसले ते खडक, खडी, उघडे डोंगर आणि हे पीठ.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. आम्ही बेने इस्राएल. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या रायगडातले, मराठी बोलणारे ज्यू. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांचे आम्ही वंशज, अशी आमच्यात सांगतात. पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. आडनावं गावांवरून, पेणकर, नवगावकर, अशी. अलिबागेत अजून इस्राएल आळी आहे आणि तिथली १८४८ सालची मशीदही. हो, आमच्यातली जुनी माणसं सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराला, मशीदच म्हणतात. मुंबईतल्या मशीद बंदर स्टेशनाचं नाव आमच्या जुन्या मशिदीवरून पडलं, हे सांगितलं की लोकांना नेहमी गंमत वाटते.

तर त्या इस्राएल आळीतली मुलगी लग्न होऊन भायखळ्याच्या एका खोलीत आली, आणि १९६३ साली नवरा, तीन वर्षांचा मुलगा आणि आठ महिन्यांची मुलगी घेऊन दिमोनाला गेली. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. काका लालबागच्या एका गिरणीत फिटर होते.

दिमोना हे नाव बायबलमधलं, यहोशवाच्या पुस्तकात दक्षिणेकडच्या गावांच्या यादीत येतं. हे नवं गाव मात्र १९५५ सालचं. पहिली कुटुंबं आली ती मोरोक्कोसारख्या उत्तर आफ्रिकेतल्या देशांतून. बेरशेबा शहरापासून सुमारे ३५ किलोमीटर, मृत समुद्राकाठच्या सोदोमकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. नव्याने आलेल्यांना बोटीतून किंवा विमानातून उतरवायचं आणि थेट अशा सीमेवरच्या गावात नेऊन सोडायचं, असं सरकारचं धोरणच होतं. तेल अवीव बघायला मिळालं तर परत कोण तिकडे जाणार!

मावशी त्या रात्रीबद्दल सांगते तेव्हा तिला राग नसतो, ती नक्कल करते. “ह्यांनी विचारलं, किती लांब? तर तो बाबा म्हणाला, जवळच. इथे सगळं जवळच आहे, देश लहान आहे. आम्ही बसलो. तासाभराने परत विचारलं. जवळच. बाहेर दिवा म्हणून नाय. पोरगी रडून रडून झोपली. मला वाटलं, ह्यानं आपल्याला परत मुंबईलाच चालवलंय.”

मध्यरात्री उतरवलं. एक खोली, एक न्हाणीघर, एक ओटा. लोखंडी पलंग तीन, गाद्या, घोंगड्या, एक स्टोव्ह, दोन पातेली. त्यातला एक पलंग अजून आहे. गॅलरीत. त्यावर आता कुंड्या असतात. त्याला ‘सोखनूतचा पलंग’ म्हणतात, सोखनूत म्हणजे ज्यू एजन्सी, तिने दिलेला म्हणून. त्या पिढीतल्या प्रत्येकाच्या घरात तो असायचाच म्हणे. पट्ट्या इतक्या अरुंद की कुशीवर वळलं की गादीसकट खाली.

सकाळी मावशीने दार उघडलं. अलिबागेत दार उघडलं की समोर माड, सुपारी, मागे विहीर, डाव्या हाताला कुणाची तरी फणसाची सावली.

“ह्यांना उठवलं आणि म्हटलं, अहो, झाड कुठाय?”

काकांनी बाहेर येऊन बघितलं आणि म्हणाले, लावायचं असेल.

हे वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं झालं आहे. डब्यात लोणचं नाही? लावायचं असेल.

आणि झाडं लावायचं काम खरंच निघालं. काकांना सुरुवातीला काम नव्हतं, मग मिळालं ते थेट मृत समुद्राकाठच्या पोटॅशच्या कारखान्यात. दिमोनाच्या अगदी पहिल्या कुटुंबांतले कितीतरी पुरुष त्याच कामाला जात. पहाटे बस निघायची आणि डोंगरावरून समुद्रसपाटीखाली सुमारे ४०० मीटर उतरायची. संध्याकाळी माणसं यायची ती पांढरी होऊन. सदरा काढून ठेवला की तो आपल्या आपण उभा राहायचा, इतकं मीठ. मावशीने एकदा हट्ट धरला, मला समुद्र दाखवा. किनाऱ्यावरची मुलगी, सहा महिने समुद्र बघितला नव्हता. गेली, बघितला, चव घेतली, थुंकली.

“मासा नाय, होडी नाय, भरती नाय, वास नाय. समुद्र कसला तो? मिठागर म्हणा. पेणला जाता-येता पुष्कळ बघितलीत.”

दरम्यान घरात पैसे पुरेनात म्हणून मावशी रोजंदारीवर गेली. उघड्या उतारांवर खड्डे घेऊन रोपं लावायची, बेकारांना काम म्हणून सरकारने काढलेली ही कामं. कुदळ, घमेलं, डोक्यावर ऊन. सगळ्या मोरोक्कन बाया आणि ही एकटी साडी खोचून. पहिल्या दिवशी मुकादमाने साडीकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं. हिला कळलं नाही, ती हसली आणि कामाला लागली. दुपारी त्याने स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं, एवढंच ती सांगते.

इथे मला जरा थांबायचं आहे. त्या गावात एका सभागृहाच्या भिंतीवर मोठा जुना फोटो आहे. अर्धी चड्डी घातलेली, डोक्याला रुमाल बांधलेली, गोरी, हसरी मुलगी, खांद्यावर कुदळ. हिब्रूत त्यांना ‘हलुत्झा’ म्हणतात, म्हणजे आघाडीवर जाऊन भूमी वसवणारी. मी मावशीला म्हटलं, तूही हलुत्झाच की. ती हसली. “छे. त्या किबुत्झवाल्या, सामुदायिक शेतीवाल्या. त्यांची गाणी झाली. आम्हाला रोज मिळायचा.” म्हणजे काम तेच, कुदळ तीच, ऊन तर जास्तच, पण स्वखुशीने आलेल्या मुलीचा फोटो निघतो आणि बसमधून आणून टाकलेल्या बाईची हजेरी लागते.

शिवाय ती भूमी रिकामी होती असं जे सहज म्हटलं जातं तेही खरं नाही. बेदुइन तिथे आधीपासून होते. १९४८ नंतर जे उरले त्यांना बेरशेबाच्या बाजूच्या एका ठरावीक पट्ट्यात कोंडून लष्करी अमलाखाली ठेवलं होतं, १९६६ पर्यंत. मावशीला हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की शेळ्या घेऊन एक बाई कधीकधी लांबून जाते आणि तिच्याकडे बघून वाटतं, हिला पाणी कुठे आहे ते ठाऊक आहे.

पाण्याचं म्हणाल तर ते नळाला येत होतं. उत्तरेतल्या यार्कोन नदीचं पाणी १९५५ पासून नेगेवकडे नळांतून आणलं होतं आणि १९६४ साली गालील समुद्रापासूनचा मोठा राष्ट्रीय जलवाहक सुरू झाला. आकाशातून मात्र काही नाही. बेरशेबालाच वर्षभरात २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, दिमोनाला त्याहून कमी. अलिबागेत तेवढा जुलैच्या एखाद्या आठवड्यात पडतो. पहिल्या हिवाळ्यात पाऊस आला तेव्हा मावशी अंगणात जाऊन उभी राहिली, दहा मिनिटांत थांबला. “म्हटलं, शेजारणीने बादली रिकामी केली का काय.”

शेजारीण! ह्या सगळ्यात मला सर्वांत आवडलेलं माणूस म्हणजे ही शेजारीण, जी आता नाही. मोरोक्कोच्या डोंगराळ भागातून आलेली, सहा मुलांची आई. हिला मराठी आणि मोडकं इंग्रजी, तिला अरबी. हिब्रू दोघींनाही येत नव्हतं. भिंत एक. सुरुवातीला नुसते हातवारे. मग एके दिवशी कपडे धुताना मावशी स्वतःशीच पुटपुटली, “साबण संपला.” शेजारीण ताडकन उठली आणि घरातून साबण घेऊन आली. तिच्याही भाषेत साबूनच! मग दोघींना छंदच लागला. दुनिया. हिशेब. खलास. अरबीतून आपल्याकडे आलेले हे शब्द मावशी कोकणातून घेऊन गेली होती आणि ते तिला वाळवंटात उपयोगी पडले. हिब्रूतही साबणाला सबोनच म्हणतात, हे तिला उल्पानमध्ये, म्हणजे भाषेच्या वर्गात, नंतर कळलं. “खलास” हा त्यांच्या मैत्रीचा शब्द. पोरं झोपली, खलास. पीठ संपलं, खलास. नवरा ओरडला, खलास, जाऊ दे.

स्पोंजाही तिनेच शिकवला. मावशीला सवय सारवायची. पहिल्या आठवड्यात तिने शेणाचा शोधही घेतला होता, मिळाल्या त्या उंटाच्या लेंड्या. कडक, गोट्यांसारख्या. “सारवते कशाने, गोट्या खेळले असते.”

स्वयंपाकाची गोष्ट वेगळी. आमच्यात मांसाबरोबर दूध-दही चालत नाही, म्हणून कालवणाला नारळाचा रस. रोजचं जेवणच नारळावर उभं. दिमोनात नारळ नाही. कोकम नाही. कोथिंबीर मिळे कधीमधी. ताजा मासा बेरशेबाहून कुणी आणला तर. मावशीने मग दुकानातली तेहिना बघितली. तेहिना म्हणजे वाटलेल्या तिळांचं सरबरीत पीठ. वास घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तो आजोबांच्या घाण्याचा वास. त्या दिवसापासून कालवणात तीळ. हळद-मिरची मुंबईहून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या सामानातून. ते कालवण मी खाल्लं. दाट, थोडं कडवट, रंगाने आपल्यासारखं. माझ्या आईने चाखलं असतं तर नाक मुरडलं असतं. मला दोन वेळा वाढून घ्यावंसं वाटलं.

मलिद्याची कथा तर ती स्वतः हसत हसत सांगते. नवस फेडायचा, शुभकार्य असलं की एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे संदेष्टा एलियाचा, मलिदा करायचा, हे फक्त आमच्यात. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा, भोवती फळं. तिने मुंबईहून डबाभर पोहे नेले होते, ते दोन मलिद्यांत संपले. तिसरा मलिदा आला मुलीच्या आजारपणानंतर. पोहे नाहीत. भात शिजवून, मोकळा करून, त्यात साखर आणि कुणीतरी पाठवलेलं सुकं खोबरं घातलं. आळीतल्यासारखं माणसं जमली, नऊ घरं होती तेव्हा आपली. प्रार्थना झाली. प्रसाद तोंडात घातला आणि कुणी काही बोलेना. शेवटी एक म्हातारे म्हणाले, “हन्नाबी रथातून येतो, दमलेला असतो. तो चालवून घेईल.”

शनिवारचं मात्र तिला फार दिवस काही सुचेना. “आळीत कसं, आपण शनवारी बंद. सगळं गाव चालू, आपण बंद. लोक म्हणायचे, आज तेल नाय, आज शनवार. म्हणजे आपण कोण ते सगळ्यांना म्हायती. इथे आले तर काय? सगळंच गाव बंद. बस बंद, दुकान बंद. कोण ओळखणार आपल्याला?” ओळखलं ते भलत्याच नावाने. तिथे त्यांना म्हणायचे होदीम. हिंदी लोक.

ओळखीचा तो प्रश्न लवकरच टोकाला गेला. ती जायच्या आधीच, १९६२ साली, मुख्य रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, निर्देश काढला होता की बेने इस्राएल माणसाचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी आईकडची वंशावळ मागे जाता येईल तितकी तपासावी. दोन हजार वर्षं शनिवार पाळून शेवटी ही परीक्षा! देशभरातून आपली माणसं जेरुसलेमला जमली, १९६४च्या उन्हाळ्यात धरणं धरून बसली, उपोषणं झाली. काका गेले. मावशी पोरांमुळे गेली नाही, पण तिने चपात्या आणि लोणचं बांधून दिलं, आणखी चार जणांना पुरेल इतकं. ती त्याला सत्याग्रहच म्हणते. ऑगस्ट १९६४मध्ये संसदेचं खास अधिवेशन झालं आणि बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असं सरकारने जाहीर केलं. काका परत आले ते डबा विसरून. “जाहीर झालं ते ठीक,” मावशी म्हणाली, “पण माझा पितळेचा डबा गेला.”

पुढची वर्षं ती भराभरा उरकते. काका कापडगिरणीत लागले. त्या गावात गिरणी म्हटलं की लोक डोळे मिचकावतात, कारण शेजारच्या अणुकेंद्राचं बांधकाम चाललं होतं तेव्हा तीही कापडगिरणीच आहे असं सांगत असत. १९६० च्या डिसेंबरात पंतप्रधान बेन-गुरियन यांनी क्नेसेटमध्ये, म्हणजे संसदेत, खरं काय ते सांगितलं, निदान थोडं. पण काकांची गिरणी खरोखरची गिरणी होती, साचे, धोटे, कापूस. लालबागेतला माणूस तिथे पहिल्यांदा सरळ उभा राहिला. मग १९६६ची मंदी, मग युद्ध, मग पुन्हा युद्ध. मुलगा सैन्यात. तिसरं मूल. आजी गेल्याची तार अंत्यविधीनंतर आठ दिवसांनी पोचली. यावर ती काही बोलत नाही आणि मीही विचारलं नाही.

आज दिमोनात आपली इतकी माणसं आहेत की दुकानात पोहे, कोकम, गूळ, पापड सगळं मिळतं. मराठीतून ‘मायबोली’ नावाचं नियतकालिकही इस्राएलमधून निघतं. मावशी ते भिंगातून वाचते आणि शुद्धलेखनाच्या चुका काढते. नातवंडांना मात्र मराठी कळतं, बोलत नाहीत. थोरला नातू मला म्हणाला, “मावशी, बस, जेव,” आणि तिथेच त्याचं भांडार संपलं.

मागच्या बाजूला कढीलिंबाचं झाड आहे. बी कुणी, कधी आणलं यावर तीन घरांत वाद आहे. मावशीच्या मते तिने, साडीच्या निऱ्यांत. पहिली दोन रोपं थंडीने मेली, कारण दिवसा भाजणारी ही जागा रात्री गारठते, आणि तिसऱ्याला तिने दोन हिवाळे रात्री घोंगडी पांघरली. सोखनूतची घोंगडी. शेजारीण विचारायची, झाडाला ताप आलाय का. आता ते गच्चीपर्यंत गेलंय आणि अख्खी इमारत त्याची पानं तोडते. खाली धूळ बसते म्हणून मावशी पानंही धुते. बादली, फडकं, एकेक फांदी.

परवा फोन केला होता. तिकडे वारा सुटला होता. मला इकडे ठाण्यात पावसामुळे नीट ऐकू येत नव्हतं आणि तिला तिकडे वाऱ्यामुळे.

“सगळं लाल झालंय गो बाहेर,” ती ओरडून सांगत होती. “समोरची बिल्डिंग दिसत नाय. तुझ्याकडे काय?”

“पाऊस. धो धो.”

“धर जरा फोन खिडकीबाहेर.”

मी धरला. हात भिजला, फोनही थोडा भिजला.

“बरं, ठेव आता,” थोड्या वेळाने ती म्हणाली. “मला चिंध्या लावायच्यात.”